लॉरी उभी असताना ड्रायव्हरचे काम चालू असते काय?

बेळगावहून खानापूर, लोंढा करीत येणारी लॉरी जोयडा तालुक्यात रामनगरला थांबते, पुढे जंगलातून अनमोडला जाते आणि तेथून घाट उतरून गोव्यात शिरते. हा मार्ग आमच्या सभासद बंधूंच्या चांगला परिचयाचा आहे. परंतु घाटाच्या तोंडाशी आलेल्या ड्रायव्हरचे त्या दिवशी किती तास कामात गेले, हे आमच्यापैकी बहुतेकांच्या वहीत सापडणार नाही. वहीत लॉरी सुटल्याची वेळ असते. ड्रायव्हर आल्याची नसते.

आमच्याच पेढीवरील एक दिवस सांगतो. सकाळी सात वाजता लॉरी बेळगावच्या वखारीशी आली. आधी दोन गाड्या लागलेल्या होत्या. ‘कोठे जाऊ नका, केव्हाही नंबर लागेल,’ असे मुनिमांनी ड्रायव्हरला बजावले. अकरा वाजता भरणी सुरू झाली. पोती मोजून घेणे, थर नीट बसतो की नाही ते पाहणे, ताडपत्री, दोरखंड, काटा, कागदपत्रे या सर्वांत तीन वाजले. साडेपाचला लॉरी रामनगरला पोहोचली. निम्मा माल तेथे उतरावयाचा होता, पण हमाल पांगलेले. साडेआठ वाजता गाडी मोकळी झाली आणि आम्ही ड्रायव्हरला पुढे गोव्याकडे धाडले. आमच्या हिशेबी तो अडीच तास राबला होता. वस्तुतः साडेतेरा तास. घाटात त्याचा डोळा लागला. सुदैवाने लॉरी दरीच्या बाजूस न जाता डोंगराच्या अंगाच्या चरात गेली. माणूस वाचला, पोती भिजली.

याबाबतीत कायदा काय म्हणतो? मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ याने गाडी चालण्याच्या वेळेबाहेर गाडीसंबंधी किंवा मालासंबंधी केलेल्या कामास अनुषंगिक काम म्हटले आणि त्यात माल चढविणे व उतरविणे यांचा स्पष्ट उल्लेख करून ते कामाच्या तासांत धरले. हिशेब देणे, रजिस्टरवर सही करणे, गाडीची दुरुस्ती हीही त्यातच येत. दिवसास आठ तास काम, पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती आणि विश्रांतीसह सर्व पसारा सामान्यतः बारा तासांच्या आत, अशी त्याची बांधणी होती. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली. आठ तासांचा दिवस, जादा कामास दुप्पट वेतन आणि अनुषंगिक कामाची ही व्याख्या नव्या संहितेतही आहेत. पूर्वीचा कायदा पाच कामगारांपासून लागू होई, संहिता दहांपासून लागू होते. आपल्याकडील पुष्कळ लॉरीमालक दोन-तीन गाड्यांचे धनी आहेत, ते या मर्यादेच्या बाहेर राहतील. परंतु घाटात झोप येणे हे नोकरांच्या संख्येवर अवलंबून नसते.

‘ड्रायव्हर आमचा नोकर नव्हे, लॉरी भाड्याची आहे,’ असे काही बंधू म्हणतील. १९६१ च्या कायद्याने केवळ मालकाच्या नव्हे, तर ड्रायव्हरच्या सेवेवर हक्क सांगू शकणाऱ्या अन्य कोणाच्याही दिमतीस गेलेला वेळ कामाचा मानला होता. वखारीच्या दारात त्याला अडकवून ठेवणारे आपणच असतो.

खरा घोळ असतो तो नंबर लागेपर्यंतच्या वेळेचा. ड्रायव्हर झाडाखाली बसला म्हणजे विश्रांती झाली, अशी आपली सोयीची समजूत आहे. आमच्या मते कसोटी एकच: त्या वेळात तो आपल्या इच्छेप्रमाणे कोठेही जाण्यास मोकळा होता काय? ‘दोन वाजेपर्यंत तुमचे काम नाही, जेवून निजून या,’ असे सांगून किल्ली ठेवून घेतली, तर ती विश्रांती. ‘केव्हाही बोलावू’ म्हटले, तर ते काम. युरोपातील लॉऱ्यांत टॅकोग्राफ नावाचे नोंदयंत्र असते. त्यावर गाडी हाकण्यास चाकाची, विश्रांतीस खाटेची आणि इतर कामास दोन आडव्या हातोड्यांची खूण असते. माल चढविणे-उतरविणे हातोड्यांच्या खुणेखाली पडते, खाटेच्या नव्हे.

आपणांस यंत्राची गरज नाही. बिल्टीच्या पाठीवर आल्याची, भरणी सुरू झाल्याची, भरणी संपल्याची आणि सुटल्याची अशा चार वेळा लिहाव्यात. मध्ये मोकळीक दिली असल्यास ‘अमुक ते अमुक मोकळा’ असे लिहून ड्रायव्हरची सही घ्यावी. उतरणीच्या ठिकाणी हेच पुन्हा करावे. वेळ त्याच क्षणी लिहावी. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या वेळा सगळ्या साडेच्या आणि पूर्ण तासाच्या निघतात, हा आमचा अनुभव आहे. पुढच्या गावच्या मुनिमाने प्रथम बिल्टीची पाठ पाहावी, मग माल.

अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध यांची नावे आपण लहानपणापासून ऐकत आलो. भरणीच्या गडबडीत दुपारचे तीन वाजेपर्यंत उपाशी राहिलेला ड्रायव्हर पाहिला, की ती आम्हांस आता निराळ्या अर्थाने आठवतात.

रामनगरच्या वखारीत संध्याकाळी सहानंतर आलेली लॉरी आम्ही सकाळी उतरवितो. ड्रायव्हर व क्लीनर यांच्या निजण्यासाठी वखारीची पडवी मोकळी केली आहे. लॉरी अडकल्याचे भाडे अधिक पडते; ते आम्ही मालाच्या खर्चात धरतो.