पंपाची झीज: सॉफ्टवेअरमधला निळा रंग किती खरा?

पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी लालसर होतं. मंगळवार पेठेत आमच्या नळाला ते गाळून, शुद्ध होऊन येतं; नदीतून कच्चं पाणी उचलणाऱ्या पंपाला मात्र ही सवलत नाही. वाळूचे बारीक कण त्याच्या इम्पेलरवर आणि केसिंगवर आपटत राहतात, आणि धातू झिजतो. वाळूतलं क्वार्ट्‌झ साध्या पोलादापेक्षा कठीण असतं. हिमाचलात सतलजवरच्या नाथपा झाक्री प्रकल्पाची टर्बाइन्स याच कारणाने झिजतात.

ही झीज संगणकावर काढायची पद्धत तशी सरळ आहे. आधी पाण्याचा प्रवाह सोडवायचा, मग त्यात हजारो कण सोडून प्रत्येकाचा मार्ग काढायचा. कण भिंतीला कुठे, किती वेगाने, कोणत्या कोनात धडकला ते झिजेच्या समीकरणात जातं. खरी गोम या समीकरणात आहे, आणि नवखे विद्यार्थी नेमकं तिथेच डिफॉल्ट ठेवून पुढे जातात.

अन्सिस फ्लुएंटचं जेनेरिक मॉडेल बघा. त्यात वेगाचा घातांक डिफॉल्टने ० असतो. कोणत्याही संख्येचा शून्यावा घात १. म्हणजे कण सेकंदाला २ मीटरने आला काय नि २० मीटरने आला काय, त्याने केलेली झीज तेवढीच! प्रयोगांत धातूंसाठी हा घातांक साधारण २ ते ३ येतो. २.५ धरला तर वेग दहापट झाल्यावर झीज तीनशे पटींच्या वर जाते. रंगीत चित्र मात्र दोन्ही वेळा छानच दिसतं. (कण भिंतीवरून उसळतो तेव्हाचे गुणांकही डिफॉल्टने १ असतात, म्हणजे धडकेत ऊर्जा जातच नाही. तेही तपासा.)

मग काहीजण फिनीचं मॉडेल निवडतात. इयान फिनी यांनी १९६० मध्ये मांडलेली कल्पना सुताराच्या रंध्यासारखी आहे: कण तिरका येतो आणि मऊ धातूचा पापुद्रा तासून नेतो. म्हणून तिथे तिरप्या कोनात झीज जास्त, आणि काटकोनात चक्क शून्य. पण आपल्याकडे शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ओतलेलं केसिंग बिडाचं असेल तर? बीड ठिसूळ. ठिसूळ पदार्थ सरळ माऱ्याने तडकतात, त्यांची झीज काटकोनाकडे वाढत जाते. म्हणजे जिथे धार थेट बसते, तिथेच स्क्रीनवर निळा रंग, ‘झीज नाही’!

उत्तर येतं ते किलो प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. त्याला घनतेने भागलं की जाडी कळते. समजा दर १०⁻⁷ आला, बिडाची घनता ७२०० धरली, तर वर्षभर अखंड चाललेल्या पंपात सुमारे ०.४४ मिलिमीटर. हा आकडा मेकॅनिकला समजतो, रंग नाही.

माझ्या मते तयार स्थिरांकांवर काढलेल्या चित्राचा उपयोग कण कुठे आदळतात हे कळण्यापुरता. किती झिजेल हे सांगायचं तर फाउंड्रीतून त्याच बिडाचे तुकडे आणा, त्यांवर ३०, ६० आणि ९० अंशांत वाळूमिश्रित पाण्याचा झोत मारा, आधी-नंतर वजन करा आणि आपले स्थिरांक काढा. वेगही बदलून बघा. दोनच वेग घेतले तर रेषा नेहमीच जुळते, म्हणून किमान तीन घ्या.