गाडीचे नाक

आपल्याकडची कितीतरी मुले मुंबईस टॅक्सी चालवतात. त्यांच्या कामाची एक गोष्ट आम्ही सांगतो.

गाडीचा धूर विषारी असतो. तो कमी व्हावा म्हणून १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज सहा हा कडक नियम लागू झाला. अशा पेट्रोल गाडीच्या धुराच्या नळीत सेन्सर असतो. धुरात प्राणवायू किती उरला, हे तो तारेने गाडीतल्या संगणकाला कळवतो. त्याला गाडीचे नाकच म्हणा ना!

काही बिघडले की चालकापुढे इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. मेकॅनिक स्कॅनर लावतो. स्कॅनर सेन्सरचे नाव सांगतो. पण थांबा! लगेच नवा सेन्सर घेऊ नका. दोष तारेतही असू शकतो. लोअर परळच्या सखल रस्त्यांवर पावसाळ्यात पाणी तुंबते. ते तारेच्या जोडात शिरले तर जोड गंजतो. उभ्या गाडीची तार उंदीर कुरतडतात. मग निरोप पोचणार कसा?

म्हणून आधी जोड उघडून पाहावा. तार तपासावी. मग मीटर लावावा. पुष्कळ गाड्यांत तापलेल्या सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली होतो. तार चांगली असून आकडा हलत नसेल, तरच सेन्सरवर संशय घ्यावा.

तार जोडून भागत असेल, तर कष्टाचे हजारो रुपये का घालवावे?