कौटुंबिक संपर्क व समाजमाध्यमे

कुटुंबातील व्यक्ती दूर राहत असताना, तसेच एकाच घरात वावरत असताना, इंटरनेटवर आधारलेल्या समाजमाध्यमांच्या द्वारे जो परस्परसंपर्क ठेवतात, त्याचे स्वरूप व परिणाम यांचा विचार या विषयात अंतर्भूत होतो. चार्ल्स हॉर्टन कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये कुटुंबाची गणना प्राथमिक गटांत केली आणि समोरासमोरचा निकट संबंध हे अशा गटांचे लक्षण मानले. समोरासमोर नसलेल्या संबंधात ही निकटता कितपत टिकते, हा येथील मध्यवर्ती प्रश्न होय.

पूर्वपीठिका : दूरस्थ आप्तांची खुशाली कळण्याचे मराठवाड्यातील जुने साधन म्हणजे आठवडी बाजार. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार हे गाव आपल्या नावातच बाजाराची ओळख बाळगून आहे. अशा बाजारपेठांच्या गावी परिसरातील शेतकरी खरेदी-विक्रीसाठी येत; त्याचबरोबर सासरी गेलेल्या मुलीची ख्यालीखुशाली, सोयरिकी, आजारपणे व मृत्यू यांच्या वार्ताही तेथेच मिळत. निरोप आणणारा मनुष्य ओळखीचा असल्यामुळे वार्तेच्या खरेपणाची जबाबदारी त्याच्यावर राही. भारतात १८७९ मध्ये पोस्टकार्ड सुरू झाले. पत्रात क्षेमकुशल लिहिण्याची ठरीव पद्धत रूढ झाली. ज्यांना लिहिता-वाचता येत नसे, ते दुसऱ्याकडून पत्र लिहवून व वाचवून घेत. १९८० नंतरच्या दशकात सार्वजनिक दूरध्वनी केंद्रांचा प्रसार झाला व १९९५ मध्ये देशात मोबाइल सेवा सुरू झाली. फेसबुक (२००४) व व्हॉट्सॲप (२००९) ही माध्यमे त्यानंतरची होत. २०१६ नंतर इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले आणि त्याच वर्षी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉलची सोय झाली. त्यामुळे ही माध्यमे खेड्यांतील सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचली. बोललेला निरोप ध्वनिमुद्रित करून पाठविता येत असल्याने निरक्षर व्यक्तींचीही अडचण बरीच कमी झाली.

स्थलांतर व संपर्क : हिंगोली, परभणी, बीड इ. जिल्ह्यांतून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेले पतिपत्नीचे जोडपे ‘कोयता’ या नावाने ओळखले जाते. दिवाळीच्या सुमारास सुरू होणारा हंगाम साधारणपणे मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात काहींची मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहांत राहतात. फडातून आलेली आई रात्री पडद्यावर मुलाचा चेहरा पाहू शकते, ही गोष्ट एका पिढीपूर्वी अशक्य होती. तथापि मुलाच्या तापाची बातमी तिला तत्काळ समजली, तरी घेतलेली उचल फिटेपर्यंत परतणे तिला सहज शक्य नसते. माध्यमाने वार्तेचे अंतर नाहीसे केले. ज्या आर्थिक कारणाने ताटातूट होते, ते मात्र कायम राहिले. पुणे, मुंबई व परदेशी गेलेल्या शिक्षित वर्गातही वृद्ध मातापित्यांच्या बाबतीत असाच अनुभव येतो. विचारपूस दुरून करता येते, शुश्रूषा करता येत नाही.

संपर्काचे स्वरूप : कौटुंबिक गटांवर रोज पाठविली जाणारी ‘शुभ सकाळ’ सारखी वाक्ये व देवादिकांची चित्रे पुष्कळांना निरर्थक वाटतात. ब्रॉनीस्लॉ मॅलिनोस्की या मानवशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये दाखवून दिले, की मानवी संभाषणाचा बराच भाग माहितीसाठी नसून केवळ संबंध राखण्यासाठी असतो. या दृष्टीने असा संदेश म्हणजे पाठविणारा सुखरूप असल्याची खूण ठरतो, आणि तो एखाद्या सकाळी न आल्यास चौकशी होते. मात्र ठरावीक संदेश पुढे धाडणे हेच कर्तव्य मानले गेल्यास प्रत्यक्ष विचारपूस मागे पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील सु. ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. घरातील एकच उपकरण पतीच्या किंवा सासरच्या हाती असल्यास विवाहितेला माहेरी मन मोकळे करणे अवघड जाते.

दुष्परिणाम : समाजमाध्यमांचे उत्पन्न मुख्यत्वे जाहिरातींवर अवलंबून असल्याने वापरणाऱ्याचे लक्ष अधिकाधिक काळ खिळवून ठेवण्याकडे त्यांच्या रचनेचा कल असतो. परिणामी घरात एकत्र बसलेली माणसे परस्परांशी न बोलता आपापल्या पडद्यात गुंतलेली आढळतात. दुसरा धोका विश्वासाच्या दुरुपयोगाचा होय. आप्ताकडून आलेला मजकूर पडताळणी न करता खरा मानला जातो. मुले पळविणाऱ्या टोळीची अफवा अशाच रीतीने पसरून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांची जमावाने हत्या केली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा घातली.

उपाययोजना : सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ पासून सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम ग्रामस्थांनी सुरू केला. मुलांचा अभ्यास व घरातील संवाद हे त्याचे उद्दिष्ट. त्याच वर्षी हिंगोलीलगतच्या यवतमाळ जिल्ह्यातील बांसी (ता. पुसद) येथील ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. पहिल्या उपायात वडीलधाऱ्यांनाही तोच नियम लागू होतो, हे त्याचे वैशिष्ट्य. ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते उघडण्यास मनाई करणारा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून अंमलात आला.

समाजमाध्यमे कौटुंबिक जिव्हाळा निर्माण करीत नाहीत. असलेला जिव्हाळा दूरवर पोहोचविण्याचे ती साधन आहेत. सहवास, एकत्र भोजन, आजारपणातील सेवा व सुखदुःखातील हजेरी यांतून जो संबंध घडलेला असतो, तोच त्यांच्या द्वारे टिकून राहतो. दूर असलेल्यांस ती उपकारक ठरतात, तर जवळ असलेल्यांच्या बाबतीत त्यांच्या वापरास मर्यादा घालणे इष्ट ठरते.