घड्याळातील मिटलेले डोळे

डहाणू रोडच्या बाजारपेठेत आज मनगटी घड्याळ घ्यावयास जावे, तर दुकानदार वेळेविषयी अवाक्षरही काढीत नाही. नाडीचे ठोके, झोप, चाललेली पावले, रक्तातील ऑक्सिजन यांचीच यादी तो आपल्यापुढे वाचतो. मुंबईस नाहीतर वापीस नोकरीला असलेली मुले ही स्मार्टवॉच गावाकडील आईवडिलांना हौसेने आणून देतात. तलासरीच्या एखाद्या पाड्यावरून मोठे रुग्णालय लांब. तेव्हा मनगटावर निदान एक पहारेकरी असावा, ही त्यामागची माया. परंतु या पहारेकऱ्याचा एखादा डोळा कधीकधी कारखान्यातूनच मिटून आलेला असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. यंत्र आत आहे, त्याचे पैसे आपण मोजले आहेत, पण ते चालविण्याची मुभा आपल्याला नाही! असे का व्हावे, याचा थोडा विचार करू.

प्रथम हे डोळे पाहतात कसे, ते समजून घेतले पाहिजे. घड्याळ उलटे केले की पाठीवर हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखाली रक्त वाढते आणि परत येणारा प्रकाश तेवढा कमी होतो; या चढउतारांवरून नाडी मोजली जाते. ऑक्सिजनसाठी तांबडा आणि डोळ्यांस न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश लागतात. ऑक्सिजन असलेले आणि नसलेले रक्त हे दोन प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात शोषते. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडलेले हे तत्त्वच करोनाच्या साथीत आपण बोटाला लावलेल्या चिमट्यात होते. तिसरा डोळा हृदयाच्या विद्युत्प्रवाहाचा, म्हणजे ईसीजीचा. विसाव्या शतकाच्या आरंभी नेदरलँड्समध्ये विलेम आइन्टहोवेन यांनी तो टिपला, तेव्हा रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. आज घड्याळाची पाठ एका मनगटाला आणि दुसऱ्या हाताचे बोट कडेच्या चावीला लागले की काम होते. मात्र नुसते यंत्र पुरत नाही. त्याने टिपलेल्या खुणांचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम लागतो, आणि कुलूप असते ते या प्रोग्रॅमला.

हे कुलूप सर्वत्र एकाच कारणाने लागत नाही. ॲपल कंपनीचे चौथ्या मालिकेचे घड्याळ ऑक्टोबर २०१८ मध्ये भारतात विक्रीस आले. ईसीजीचे यंत्र त्यात होतेच. पण येथे ती सोय उघडली सप्टेंबर २०१९ मध्ये. अशी सोय रोगनिदानाच्या जवळ जाते, म्हणून देशोदेशी तेथील संमती मिळेल तसतशी ती खुली झाली. फिटबिटच्या २०१७ सालच्या 'आयोनिक' घड्याळात ऑक्सिजन मोजणारे यंत्र होते. गिऱ्हाइकांना त्याचे आकडे दिसू लागले ते जानेवारी २०२० मध्ये. तिसरी कथा भांडणाची. मासिमो कंपनीच्या पेटंटांवरून वाद झाला, आणि जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ॲपलच्या नव्या घड्याळांत ऑक्सिजनची सोय बंद ठेवण्यात आली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती निराळ्या पद्धतीने परत आली. भारतातील घड्याळांत ती या साऱ्या काळात चालूच होती. म्हणजे शरीर तेच, यंत्र तेच. डोळा उघडा की मिटलेला, हे ठरले कचेरीत.

मग सगळीच कुलपे तोडावीत काय? आम्हांस तसे वाटत नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की रुग्णालयातील बोटाचे चिमटेसुद्धा गडद त्वचेवर फसतात. ऑक्सिजन खरोखर घसरलेला असताना आकडा ठीक दाखविण्याची चूक कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळली. उन्हातान्हात राबणाऱ्या, भातशेतीत आणि मासेमारीत आयुष्य घालविणाऱ्या आपल्या माणसांना ही गोष्ट परकी नाही. शिवाय डहाणू-तलासरीच्या आदिवासी वस्तीत सिकलसेलचा आजार आहे. या आजारात चिमट्याचा आकडा खऱ्या ऑक्सिजनशी नेहमी जुळतोच असे नाही. आणि आजार आहे की नाही, हे तर रक्त तपासूनच कळते. खोटा धीर देणारा उघडा डोळा मिटलेल्या डोळ्याहून घातक होय. म्हणून पारखून घेण्यासाठी लावलेले कुलूप आम्ही योग्य मानतो. आपल्याकडेही १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. या कायद्यात उपकरण कशासाठी म्हणून विकले जाते, याला महत्त्व आहे. पुष्कळ घड्याळांच्या खोक्यांवर 'वैद्यकीय उपयोगासाठी नाही' असे बारीक अक्षरांत छापलेले असते, त्याचे मर्म हेच.

आमची तक्रार आहे ती मौनाची. परवानगी बाकी आहे, पेटंटचा तंटा आहे, की सोय पुढे केव्हातरी उघडायची आहे, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. असे विचारण्याला आपल्याकडे आधारही आहे. पुष्कळ मोबाइल फोनांत एफएम रेडिओची सोय असूनही ती बंद ठेवली जाई. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने ती बंद ठेवू नये, अशी सूचना उत्पादकांना केली. आपत्तीच्या वेळी रेडिओ उपयोगी पडतो, हे एक कारण दिले. नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सोसलेल्या आपल्या तालुक्यांना त्या कारणाचे मोल निराळे सांगावयास नको. घड्याळाच्या खोक्यावरही आत कोणती यंत्रे आहेत, कोणती बंद आहेत आणि का, हे मराठीत छापावे, एवढीच मागणी ग्राहकांनी एकमुखाने करावी.

तोवर व्यवहार साधा ठेवावा. विकत घेण्यापूर्वी दुकानात घड्याळ हाताला बांधून, हवी ती सोय भारतात चालते की नाही, ते पाहावे. आकडा बिघडलेला दिसला तर डॉक्टरांना दाखवावा. आणि छातीत कळ आली, दम लागला, तर घड्याळ काहीही म्हणो, १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णालय गाठावे.