वादळग्रस्त मोहवृक्षांची शुश्रूषा

तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या झरी जामणी तालुक्यात (जि. यवतमाळ) मोहवृक्ष हा अनेक कोलाम व गोंड कुटुंबांच्या उपजीविकेचा आधार होय. मोहफुलांचा हंगाम सरतो न सरतो तोच वळवाची वादळे सुरू होतात. अशा वेळी मोडलेला वृक्ष राखावा की तोडावा, हा प्रश्न केवळ शास्त्रीय नव्हे. कारण नवे रोप फुलावर येण्यास सुमारे १० वर्षे लागतात.

प्राण्यांची जखम भरून येते, तशी वृक्षाची येत नाही. जखमेलगतच्या पेशी कुज रोखणारे पडदे उभारतात व नवे काष्ठ जखमेला बाहेरून झाकते. अमेरिकन वनशास्त्रज्ञ अलेक्स शायगो यांनी १९७७ मध्ये ही प्रक्रिया विशद केली.

उपचाराची दिशा यावरूनच ठरते. मोडकी फांदी काढताना खोडापासून हातभर अंतरावर प्रथम खालून अर्धवट छेद द्यावा व त्याच्या किंचित पुढे वरून कापावे. म्हणजे साल सोलवटत नाही. उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगवट्याबाहेर कापावा. खोडाशी सपाट छेद घेतल्यास हा फुगवटा, व त्यासह नैसर्गिक संरक्षण, नष्ट होते. डांबर फासल्याने कुज थांबत नाही.

मोडलेला साग बुंध्याशी छाटल्यास त्यास जोमदार धुमारे फुटतात. मोहाच्या बाबतीत मात्र फुलांसाठी विस्तारलेला जुना वृक्षच हवा. म्हणून खोड अभंग व मुळे घट्ट असतील, तर केवळ शेंडा मोडला एवढ्यावरून त्यावर कुऱ्हाड चालविणे उचित नव्हे.