तीन दिवाळ्या गाजलेलं गाणं आणि तुरुंगातला गायक

एखादं गाणं ट्रेंडिंगला येतं, आठवडाभर सगळ्यांच्या स्टेटसला वाजतं आणि पुढच्या महिन्यात कुणाला आठवतही नाही. तुम्हाला वाटत असेल, हे सगळं मोबाइल आल्यापासून सुरू झालं. तर मग ही ऐंशी वर्षांपूर्वीची गोष्ट वाचा.

तंजावर आणि कुंभकोणमच्या मध्ये पापनाशम हे गाव आहे. या भागावर कधीकाळी भोसल्यांचं राज्य होतं. इथे राहून भजनं गाणारे रामय्या पुढे ‘पापनाशम शिवन’ (१८९०-१९७३) म्हणून प्रसिद्ध झाले. राग शास्त्रीय, पण गाणं कुणालाही गुणगुणता येईल असं, ही त्यांची खासियत. त्यांची गाणी घरोघरी पोचवली ती एम. के. त्यागराज भागवतर यांनी.

१९३४ साली ‘पवळक्कोडी’ हा भागवतरांचा पहिलाच सिनेमा आला. त्यात पन्नासच्या आसपास गाणी होती! सिनेमा तुफान चालला. तेव्हा नटाला स्वतःच गावं लागायचं आणि भागवतरांचा आवाज उंच, खणखणीत होता. आपल्याकडे जसं बालगंधर्वांचं वेड होतं, तसं तिकडे भागवतरांचं.

१९४४ च्या दिवाळीत ‘हरिदास’ आला. गाणी अर्थातच शिवन यांची. आईवडिलांना दुखावणारा मुलगा शेवटी त्यांचीच सेवा करतो, अशी ही कथा. आपल्याला लगेच पुंडलिक आठवतो. मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरमध्ये या सिनेमाने ४४, ४५ आणि ४६ अशा तीन दिवाळ्या पाहिल्या.

पण त्यातला बराच काळ भागवतर तुरुंगात होते. नोव्हेंबर १९४४ मध्ये लक्ष्मीकांतन या पत्रकाराचा खून झाला. सिनेमावाल्यांच्या भानगडी तो छापत असे. या प्रकरणात भागवतर आणि विनोदी नट एन. एस. कृष्णन यांना अटक झाली, जन्मठेपही झाली. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. अखेर १९४७ मध्ये दोघे निर्दोष सुटले.

सुटका झाली, पण गेलेला काळ परत आला नाही. भागवतरांनी स्वतः काढलेल्या ‘राजमुक्ती’चं (१९४८) चित्रीकरण आपल्या पुण्यात झालं. तो पडला. पुढचे सिनेमेही फारसे चालले नाहीत. दरम्यान पार्श्वगायन रुळलं होतं, त्यामुळे नायकाला गाता येण्याची गरज उरली नव्हती. १९५२ च्या ‘पराशक्ती’नंतर तर लोक गाण्यांपेक्षा जोरदार संवादांसाठी थिएटरात जाऊ लागले. १९५९ मध्ये, पन्नाशीही गाठण्याआधी, भागवतर गेले.

आणि गाणी? ती राहिली. शिवन यांना १९७२ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्यांच्या रचना आजही कर्नाटक संगीताच्या मैफलींत गायल्या जातात. ‘हरिदास’मधलं चारुकेशी रागातलं ‘मन्मथ लीलै’ तमिळ घरांतल्या आजी-आजोबांना आजही ठाऊक असतं.

पहिला नंबर आज असतो, उद्या नसतो. तो जायला गायकाची चूकही लागत नाही; कधी काळ बदलतो, कधी नशीब. पण जे गाणं लोक स्वतः गुणगुणतात, त्याला नंबर लागतच नाही.

आज एक करा. घरातल्या मोठ्यांना विचारा, ‘तुमच्या वेळी कुणाचं गाणं गाजत होतं?’ मग फोनवर शोधा आणि त्यांच्या शेजारी बसून ऐका.