अँगस वळूचे संगोपन

अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेल्या गवताळ मैदानांवर एकेका कुटुंबाकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेली विस्तीर्ण कुरणे आहेत. अशा कुरणास व त्यावरील पशुपालनास तेथे ‘रँच’ म्हणतात. यांतील काही कुटुंबे पैदाशीचे वळू वाढवून ते इतर पशुपालकांस विकतात. या वळूंमध्ये काळ्या, भुंड्या अँगस जातीला मोठा मान आहे. असा वळू कसा वाढवितात आणि त्याची खरी योग्यता कशावरून ठरवावयाची, हे येथे पाहावयाचे आहे.

ही जात मूळची ईशान्य स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनशायर व अँगस या परगण्यांतली. ह्यू वॉटसन या शेतकऱ्याने १८०८ च्या सुमारास निवडक जनावरांपासून तिची पैदास पद्धतशीरपणे आरंभिली. १८६२ साली तिच्या वंशावळीची पहिली नोंदवही प्रसिद्ध झाली. पुढे १८७३ साली जॉर्ज ग्रँट यांनी चार वळू कॅन्ससमध्ये नेले. भुंडेपणाचा गुण आनुवंशिकतेत प्रभावी असल्यामुळे शिंगे असलेल्या गाईंनाही अँगस वळूपासून भुंडी वासरे होतात.

गाय वर्षाला सामान्यतः एकच वासरू देते. परंतु पूर्ण वाढ झालेला वळू एका हंगामात पंचवीस-तीस गाईंना पुरतो. त्याच्या कालवडी कळपात राहिल्या, तर त्याचे गुण आणि दोष कित्येक वर्षे त्या कळपात वावरतात. म्हणून वळूच्या निवडीतील चूक ही एका जनावरापुरती कधीच राहत नाही.

संगोपनाचा आरंभ जन्मापासून होतो. गोऱ्हा जन्मताच त्यास काही तासांच्या आत चीक मिळाला पाहिजे, कारण रोगप्रतिकाराची पहिली शक्ती त्यातून येते. मग त्याचे वजन करून कानात क्रमांकाचा बिल्ला लावतात. जन्मवजनाची नोंद महत्त्वाची असते. कारण वळूची वासरे जन्मतः फार मोठी निघाली, तर पहिलटकरीण कालवड विताना अडते, आणि प्रसंगी माय व वासरू दोन्ही दगावतात. पुढे सुमारे सात महिन्यांनी वासरे आईपासून तोडतात. त्या वेळचे वजन २०५ दिवसांच्या व नंतरचे ३६५ दिवसांच्या वयाला जुळवून घेतात, म्हणजे निरनिराळ्या दिवशी जन्मलेल्या वासरांची न्याय्य तुलना करता येते. जे गोऱ्हे उणे ठरतात, त्यांचे खच्चीकरण करून ते मांसासाठी पोसले जातात.

आता खरी कसोटी येते. विक्रीच्या दिवशी धष्टपुष्ट, तुकतुकीत वळू गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरतो. म्हणून त्यास भरपूर धान्य चारण्याचा मोह होतो. हा मोह घातक आहे. शुक्रजंतूंच्या निर्मितीसाठी वृषणांचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा काही अंश कमी असावे लागते. अंडकोशाच्या वरच्या भागात चरबी साठली की ही उष्णता बाहेर पडत नाही व प्रजननशक्ती घटते. शिवाय धान्याच्या अतिरेकाने पोटात आम्ल वाढून खुरांना सूज येते, आणि लंगडा वळू गाईंच्या मागे चालू शकत नाही. म्हणून जाणते पशुपालक सुका चारा व बेताचे धान्य देतात आणि वळूंना मोठ्या वाड्यात फिरते ठेवतात. पाण्याची जागा चाऱ्यापासून दूर ठेवली की पाय आपोआप मजबूत होतात.

थंडीचीही काळजी घ्यावी लागते. उत्तरेकडील हिमवादळांत उघड्यावर राहिलेल्या वळूच्या अंडकोशाला हिमदंश होतो. त्यास वाऱ्याचा आडोसा व बसावयास कोरडा पेंढा हवाच. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे दोन महिने लागतात. त्यामुळे आजच्या इजेचे किंवा तापाचे परिणाम पुढील कित्येक आठवडे टिकतात. यासाठी हंगामापूर्वी पशुवैद्य वळूची परीक्षा करतो. पाय, डोळे, अंडकोशाचा घेर आणि शुक्रजंतूंची हालचाल व ठेवण तो तपासतो. पंधरा महिन्यांच्या वळूचा घेर किमान ३० सेंटिमीटर असावा, असा दंडक आहे.

तरीही डोळ्यांना न दिसणारे दोष उरतात. वासरू मृत व वाकड्या सांध्यांचे जन्मावे, असा एक अप्रभावी आनुवंशिक दोष २००८ साली अँगस जातीत उघडकीस आला. तो बाळगणारा वळू स्वतः निरोगी दिसतो. परंतु त्याच दोषाची वाहक गाय त्याच्या वाट्यास आली, तर असे वासरू होऊ शकते. रक्त किंवा केस यांच्या जनुकीय चाचणीने वाहक आता ओळखता येतो.

वळू विकत घेतल्यावरही काळजी संपत नाही. कोवळ्या वळूकडे त्याच्या वयाच्या महिन्यांइतक्याच गाई सोडाव्यात, असा अनुभवाचा नियम आहे. वळूवर नित्य लक्ष हवे. कारण तो निकामी ठरल्याचे उशिरा कळले, तर गाई भाकड राहतात आणि त्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न बुडते. वळू विकणाऱ्या कुटुंबाची पत यावरच अवलंबून असते. प्रत्येक वासराची नोंद खरी ठेवणे, दोषी वळू विक्रीतून काढणे आणि दिखाऊ चरबीपेक्षा बळकट पाय, शांत स्वभाव व सिद्ध प्रजननशक्ती यांस अधिक मोल देणे, यातच या व्यवसायाचे शास्त्र व सचोटी दोन्ही सामावली आहेत.